वाकड्या वाडग्याचे भाऊ

वाकडा वाडगा घडवायला लखनौइतकं सुरक्षित शहर भारतात दुसरं नाही. पुण्यात तुम्ही मातीचं काही घडवून शेजाऱ्यापुढे ठेवलंत, तर तो ते उचलतो, खालून बघतो, पुन्हा जागेवर ठेवतो आणि विचारतो, "डुगडुगतंय ते मुद्दाम का?" नागपुरात माणूस हसून मोकळा होतो. लखनौत मात्र समोरचा गृहस्थ एक पाऊल मागे सरकतो, उजवा हात छातीवर ठेवतो आणि म्हणतो, "माशाअल्लाह! क्या नफ़ासत है!" या तहजीबीच्या जिवावर नवाबांनंतर कुणी मनसोक्त जगलं असेल, तर ते आमच्या कॉलनीतले भाऊ.

भाऊ मूळचे रेल्वेचे. मानकनगरच्या आरडीएसओत, म्हणजे 1957 पासून भारतीय रेल्वेला मापं घालून देणाऱ्या संस्थेत, त्यांची सगळी नोकरी झाली आणि तीही चाकांवर. चाकाची कड कितपत झिजली तर चालेल आणि कुठून पुढे चाक भंगारात, हा त्यांचा विषय. दोन रुळांत 1,676 मिलिमीटर म्हणजे 1,676. 'साधारण' हा शब्द तोंडातून निघालेल्या कनिष्ठ अभियंत्याला ते भर मे महिन्यात रूळ मोजायला पाठवत. घरीही तेच. कालनिर्णय टांगताना स्पिरिट लेव्हल, गणपतीच्या मखराला ओळंबा. वहिनींची पोळी एका बाजूनं जरा लांबट झाली, तर भाऊ ती ताटात फिरवून फिरवून बघत. बोलत काही नसत. वहिनी म्हणतात, "बोलले असते तर परवडलं असतं."

अशा माणसाचं निवृत्तीनंतर काय होणार, याचे आमच्या मराठी मंडळींत अंदाज चालले होते. भातखंड्यांनी 1926 मध्ये इथं संगीत महाविद्यालय काढल्यापासून लखनौचा मराठी माणूस निवृत्त झाला की हार्मोनियम काढतो, अशी समजूत आहे. भाऊंनी हार्मोनियम काढली नाही. ते जपानला गेले. मुलगी टोकियोत निशी-कासाईला असते, तिच्या बाळंतपणाला वहिनी गेल्या आणि वहिनींची बॅग उचलायला भाऊ. तिथं बाळ झोपलं की भाऊंना घरात काम नसे. म्हणून जावयानं त्यांना उएनोच्या वस्तुसंग्रहालयात सोडलं.

तिथं एका काचेच्या कपाटात चहाचा एक काळा वाडगा होता. काठ वर-खाली, अंग ओबडधोबड, एका बाजूला घडवणाऱ्याच्या बोटांचे दाब स्पष्ट दिसतायत. आणि त्याला स्वतंत्र कपाट, स्वतंत्र दिवा, शेजारी हातमोजे घातलेला पहारेकरी. जन्मभर ज्यानं वाकडं ते बाद असा शेरा मारला, त्याला साठी उलटल्यावर कळलं की योग्य ठिकाणी ठेवलं तर वाकडं राष्ट्रीय ठेवा होतं. भाऊ संध्याकाळी घरी आले ते बाळाकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेले, कणकेचा गोळा उचलला आणि दाबून बघू लागले.

लखनौला परतल्यावर गॅरेजमधली गाडी बाहेर उन्हात आली आणि गॅरेजात भाऊ गेले. विजेवर चालणारं चाक आलं, विजेची भट्टी आली, भट्टीसाठी थ्री-फेज जोडणी आली आणि जोडणीसाठी आलेल्या वायरमनला भाऊंनी पहिलं व्याख्यान दिलं. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये सेन नो रिक्यू नावाचा चहाचा आचार्य होऊन गेला. त्याला चिनी दरबारी भांड्यांचा झगमगाट नको होता. त्यानं चोजिरो नावाच्या कौलं घडवणाऱ्या कारागिराकडून साधे, जाड, हातानं थापलेले वाडगे करून घेतले. तीच राकू घराण्याची सुरुवात. पुढे 1591 मध्ये हिदेयोशीनं रिक्यूला पोट फाडून घ्यायला लावलं. भाऊ ही गोष्ट नेमकी चहा देताना सांगतात, त्यामुळे त्यांच्याकडे बिस्किटं उरतात.

भाऊंचा अभ्यास दांडगा, हे मान्य करायलाच हवं. बर्नार्ड लीचचं 1940 सालचं 'अ पॉटर्स बुक' त्यांच्या उशाशी असतं. आपल्या निर्मला पटवर्धनांचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' गॅरेजात मातीनं माखलेलं उघडं असतं. सरदार गुरचरण सिंग जपानला जाऊन कसे शिकले आणि त्यांनी 1952 मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी कशी उभी केली, बिझेनमध्ये शिकून आलेली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी 1971 मध्ये पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी कशी काढली, हे सगळं ते तारीखवार सांगतात. ऐकणाऱ्याला हळूहळू वाटू लागतं की या परंपरेतलं पुढचं नाव आता चहा ओततंय.

मग त्यांना वाटू लागलं की जपान्यांच्याही आधी आपण होतो. भाऊंचं मूळ गाव धाराशिवकडचं, तेरच्या अलीकडे. जपानला जाईपर्यंत त्यांच्या तोंडून गावाचं नाव आम्ही ऐकलं नव्हतं. आता मात्र तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकाळच्या मृण्मूर्ती, जोर्वे-इनामगावची लाल अंगावर काळी नक्षी काढलेली तोटीची भांडी, हे सगळं त्यांच्या घरच्या कपाटातून निघाल्यासारखं ते सांगतात. लखनौचं राज्य संग्रहालय बनारसी बागेत, प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच आहे. तिथं अहिच्छत्राच्या भाजलेल्या मूर्तींपुढे भाऊ इतका वेळ उभे राहतात की शाळेच्या सहलीतली पोरं वाघाकडे जाता जाता त्यांच्याकडेही बघून जातात.

राखेच्या ग्लेझचा नाद लागला तेव्हा तर कहर झाला. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतं, फेल्स्पार आणि मातीबरोबर ती भट्टीत वितळते आणि भांड्यावर काचेचा थर धरते. जपानात भाताच्या पेंढ्याची राखही वापरतात. लखनौत चांगली राख कुठं मिळते, याचा भाऊंनी शास्त्रीय शोध घेतला आणि निष्कर्ष निघाला: चौकात, कबाबवाल्यांच्या शेगड्यांखाली. आठवड्यातून दोनदा भाऊ डबा घेऊन राख आणायला जातात. वहिनींचं म्हणणं एवढंच, की राख भरायला दोन तास कसे लागतात आणि राखेला वेलदोड्याचा वास कसा येतो.

हे सगळं झालं, पण वाडगा काही सरळ होईना. माती चाकाच्या मधोमध बसली नाही तर पुढचं काहीच जमत नाही. भाऊंची माती मधोमध बसायचीच नाही. चाकाला लावलेला गोळा त्यांच्या हातांना घेऊन डुलायचा, मग एकाएकी एका बाजूनं उंच व्हायचा आणि शेवटी भिंतीवर जायचा. जपानात बहुतेक ठिकाणी चाक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं असं कळल्यावर भाऊंनी चाकाची दिशा बदलून बघितली. आता गोळा समोरच्या भिंतीवर जाऊ लागला. याच सुमारास 'वाबी-साबी' आमच्या कॉलनीत दाखल झालं. अपूर्णतेत सौंदर्य बघण्याची ही जपानी दृष्टी भाऊंनी आधी वाडग्याला लावली, मग जे दिसेल त्याला. आमटी खारट झाली, वाबी-साबी. नळ गळतोय, वाबी-साबी. नातवाला गणितात बावीस गुण पडल्याचं टोकियोहून कळलं, तेव्हाही भाऊ शांतपणे तेच म्हणाले आणि पलीकडून मुलीनं फोन ठेवला. पोळी लांबट झाल्यावर वहिनींनीही एकदा हाच शब्द वापरून बघितला. भाऊंनी पोळी फिरवून फिरवून बघितली.

शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून भाऊ चिनहटला गेले. चिनहट आता लखनौतच आलंय. तिथं 30 जून 1857 ला हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा सडकून पराभव झाला. त्यानंतर तिथं इतका सपशेल हरलेला माणूस म्हणजे आमचे भाऊ. पन्नासच्या दशकात सरकारनं चिनहटला मातीकामाचं शिक्षण सुरू केलं आणि पांढरट अंगावर तपकिरी-हिरवी नक्षी असलेली तिथली ग्लेझ केलेली भांडी घराघरांत गेली. पुढे सरकारी केंद्र बंद पडलं, दुकानांत खुर्जाचा माल दिसू लागला. पण चाकावर बसणारी काही घरं राहिली. त्यांतल्या एका चाचांकडे भाऊ शिकायला गेले. चाचा कुल्हड घडवत होते. चाकावर मातीचा मोठा उंच ढीग, त्याच्या माथ्यावर दोन्ही हात, अंगठा आत गेला, भिंत वर आली, दोऱ्यानं कापलं, फळीवर ठेवलं. भाऊंनी खिशातून स्टॉपवॉच काढेपर्यंत आणखी तीन झाले होते. फळीवरचे सगळे एका मापाचे. भाऊंनी व्हर्नियर कॅलिपर लावून खात्री केली आणि त्यांच्यातला आरडीएसओचा माणूस गहिवरला.

पण गहिवर ओसरला आणि जपान जागा झाला. भाऊ म्हणाले, "चाचा, बहुत अच्छा है, लेकिन बहुत सीधा है. थोडा टेढ़ा बनाइए."

चाचांनी हातातला गोळा थांबवला. "टेढ़ा?"

"हाँ. जैसे... अपने आप हुआ हो."

चाचांनी प्रयत्न केला. सरळ आलं. पुन्हा केला, पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी त्यांनी सरळ कुल्हड केला आणि कडेला एक चापट मारली. भाऊ म्हणाले, "ऐसे नहीं. ये तो मारा हुआ लगता है." चाचांनी हात धुतले, पाटावरून उठले आणि भाऊंना अदबीनं बसायची खूण केली. म्हणाले, "तो फिर आप ही बनाइए, बाबूजी. आपका तो अपने आप हो जाता है."

त्या दिवसापासून भाऊ आणि चाचांचं गुळपीठ जमलं. चाचा अधूनमधून गॅरेजात येतात. भाऊंकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे. ते यंत्र सांगतं, भांडं वाळलं. चाचा भांडं उचलून गालाला लावतात आणि सांगतात, "ठंडा है. भीतर पानी है. भट्ठी में रो देगा." ओलं भांडं गालाला गार लागतं, कारण त्यातून अजून पाणी उडत असतं. तेच पाणी भट्टीत वाफ होऊन भांडं फोडतं. भाऊ यंत्रावर विश्वास ठेवतात, भट्टी लावतात आणि रात्री दीडला गॅरेजातून फट्ट असा आवाज येतो. कॉलनीचा गुरखा आता त्या आवाजाला दचकत नाही.

चिनहटच्या पराभवानंतर भाऊंच्या वाचनात आलं की राकूचा वाडगा चाकावर करतच नाहीत, हातानं थापून आणि खरवडून घडवतात. त्यांनी ते वाक्य घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लीच स्वतः 1911 साली टोकियोत अशाच एका राकूच्या मेजवानीला गेला होता. पाहुण्यांनी भांडी रंगवली, तासाभरात ती भट्टीतून लालबुंद बाहेर आली आणि तो चित्रकार जन्माचा कुंभार झाला. आपल्याही मेजवानीतून एखादा लीच निघेल या आशेनं भाऊंनी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी अख्ख्या कॉलनीला बोलावलं. हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले वाडगे त्यांनी लांब चिमट्यानं उचलले आणि लाकडाच्या भुशात टाकले. ज्वाळा उठल्या. मग धूर आला. लखनौचं धुकं आधीच होतं, त्यात तो मिसळला. शेजारचे निवृत्त न्यायाधीश खोकत खोकत म्हणाले, "वाह, क्या समाँ बाँधा है आपने." अग्निशमन दलाला फोन कुणी केला ते आजवर कळलं नाही. बंब आला तेव्हाही "पहले आप, पहले आप" करत पाहुण्यांनी त्याला वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी टोकियोहून मुलीनं कळवलं की जपानात राकूचे वाडगे भट्टीतून काढून नुसते गार होऊ देतात. भुशात टाकून धूर करायची रीत 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनरनं रूढ केली. भाऊ क्षणभरच गप्प झाले. मग म्हणाले, "रीत अमेरिकन असेल. मी ती जपानी मनानं करतो."

प्रदर्शन भरलं तेव्हा भाऊंनी वाडग्याची किंमत लावली अठराशे रुपये. प्रत्येक वाडग्याच्या बुडाशी त्यांचा स्वतःचा शिक्का, देवनागरीत आणि जपानीत. सगळं लखनौ येऊन गेलं. कुणी म्हणालं, "हुज़ूर के हाथों में जादू है." कुणी म्हणालं, "ऐसी चीज़ के क़ाबिल हमारा घर कहाँ!" या दुसऱ्या वाक्याचा अर्थ 'घेत नाही' असा असतो, हे भाऊंना इतकी वर्षं लखनौत काढून अजून उमगलेलं नाही. त्यांना वाटतं, लोकांची घरं लहान आहेत.

सत्य सांगायला सदाशिव पेठेतून आत्याबाई याव्या लागल्या. भाऊंच्या या आत्या ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी चष्मा पुसला, टेबलाभोवती एक फेरी घातली, एक वाडगा निवडून हातात घेतला आणि विचारलं, "हे तू केलंस का झालं?"

लखनौकर पाहुण्यांनी माना खाली घातल्या. भाऊंनी वाबी-साबी सांगितलं, रिक्यू सांगितला, चोजिरो सांगितला. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, शेजारच्या तांब्यातलं पाणी वाडग्यात ओतलं आणि वाडगा पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला. ओलं वर्तुळ पसरत गेलं. "झालंय," आत्याबाई म्हणाल्या आणि उपम्याकडे वळल्या.

वहिनींची तक्रार त्याहून साधी आहे. त्यांना लोणच्याची एक बरणी हवी होती. भाऊंनी बरणी केली, चार दिवसांनी तिचं झाकण केलं. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते. बरणीची माती घट्ट होती, झाकणाची ओली, त्यामुळे दोघं आपापल्या मतानं आकसली. झाकण आत पडतं. भाऊंनी या आकसण्याचं कोष्टक संगणकावर मांडलंय, त्याला तीन रंग दिलेत. लोणचं मात्र अजून खुर्जाच्या बरणीत आहे.

भाऊंच्या उशाशी सोएत्सू यानागीचंही पुस्तक असतं. यानागीनं नाव नसलेल्या कारागिरांचं कौतुक केलं, रोजच्या वापराची, स्वस्त, पुष्कळ संख्येनं हातानं घडवलेली भांडी हीच खरी सुंदर असं तो म्हणाला. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातला 'किझाएमोन' वाडगा जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि तो मुळात कोरियातल्या कुणा अनाम कुंभारानं केलेला जेवणाचा साधा वाडगा, असं त्यानं लिहून ठेवलंय. हा उतारा भाऊंनी चाचांना हिंदीत करून सांगितला. सांगताना त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा शिक्का होता. चाचांच्या कुल्हडावर कुणाचंही नाव नसतं. ते शेकड्यानं विकले जातात, माणसं त्यातून चहा पितात आणि फेकून देतात. भाऊंना हा विरोधाभास जाणवला असावा, कारण त्या आठवड्यात त्यांनी शिक्का वापरला नाही. पुढच्या आठवड्यात नवा, मोठा करून घेतला.

आमच्याकडे गोरोबाकाकांची गोष्ट सांगतात. तेरच्या या कुंभारसंतानं मुक्ताबाईच्या सांगण्यावरून जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते सांगितलं. थापटण्याखाली रागावले ते नामदेव, म्हणून कच्चे ठरले. या कसोटीला आमचे भाऊ उतरतील. चाचांनी मारलं, आत्याबाईंनी मारलं, भट्टी तर रोज मारते. भाऊ रागावत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गॅरेजात पुन्हा मातीचा गोळा आदळल्याचा आवाज येतोच. वाकडेपणा कमवावा लागतो, आधी हजार वाडगे सरळ यावे लागतात, हे त्यांना पुस्तकातून कळलंय. हाताला अजून कळायचंय. माणूस पक्का आहे, वाडगा कच्चा आहे.

आणि एक काम भाऊंनी नकळत केलंय. गेल्या वर्षी त्यांनी रविवारचे वर्ग काढले. फी नाही, माती त्यांची, चहा वहिनींचा. कॉलनीतले न्यायाधीश, डॉक्टर, दोन बँक मॅनेजर, सगळे आळीपाळीनं चाकावर बसले. एकाचीही माती मधोमध बसली नाही. ज्यांनी आयुष्यभर दिवाळीला चाचांशी पणत्यांच्या डझनामागे पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घातली, तेच हे लोक. यंदा धनतेरसला चाचांनी गेटपाशी टोपली उतरवली आणि भाव सांगितला. सगळ्यांनी सांगितला तोच भाव दिला. न्यायाधीश तर सुटे पैसेही परत घ्यायला थांबले नाहीत.